रिकाम्या काचेवरची चौकट

१

गोंदियात पॅथॉलॉजीची लॅब चालवायची तर दोघांशी रोज लढावं लागतं. एक राइस मिलचा भुसा आणि दुसरा ‘रिपोर्ट झाला काय?’ हा प्रश्न. भुसा खिडक्या लावल्या तरी आत येतो आणि प्रश्न फोन बंद ठेवला तरी. म्हणून आमच्याकडे सकाळचं पहिलं काम ठरलेलं आहे. माझी टेक्निशियन नूतन ओल्या फडक्याने सगळी टेबलं पुसते, मग वेगळ्या मऊ फडक्याने स्कॅनर पुसते, आणि मी चहा पितापिता तिला टोमणे मारते की त्या डब्याचे एवढे लाड कशाला.

डबा टेबलावरच्या ओव्हनएवढा आहे. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा आम्ही मेणात बसवतो, त्याचा अगदी पातळ काप काचेवर घेतो, गुलाबी-जांभळा रंग देतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. आता त्याच काचा हा डबाही बघतो. आत बारीक उजेड पेटतो, तो काचेवरून डावीकडून उजवीकडे जातो, एक रेघ खाली उतरतो, पुन्हा डावीकडून निघतो. सर्रर्र, टक्. सर्रर्र, टक्. मग पडद्यावर चित्र येतं, आणि आतली कृत्रिम बुद्धी जिथे पेशी संशयास्पद वाटतील तिथे पिवळी चौकट काढते. खरं-खोटं मी ठरवायचं.

पूर्वी एखादी काच अवघड वाटली की ती कापसात गुंडाळून, पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात घालून, नागपूरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची आणि वाट बघत बसायचं. आता नागपूरचे डॉक्टर तीच काच त्यांच्या पडद्यावर लगेच बघतात. मशीन आलं तेव्हा मी ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणाले होते. एकदा एका शिक्षिकेच्या मानेतल्या गाठीत त्याने मोहरीएवढ्या जागेवर चौकट काढली आणि ती बरोबर निघाली. चहा झाल्यावर मलाही ते दिसलंच असतं, असं मी सगळ्यांना सांगते. नूतन तेव्हा खिडकीबाहेर बघते.

२

खुशालची काच आली ती भर एप्रिलमध्ये. खुशाल बोदलकशाच्या तलावावर मासे धरतो. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन डाव्या गालात आतून जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. तिरोड्याच्या डॉक्टरांनी तिथला तुकडा काढून औषधाच्या बाटलीत घालून दिला. आपल्याकडे बाटली पोचवायचं काम घरच्यांचंच असतं. खुशालची बायको नंदाबाई ती घेऊन आली, पदराआड धरून.

काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर सगळी चाळण. पेशी आक्रसलेल्या, मधे मोठमोठी भोकं. तुकडा कुठेतरी खराब झाला होता. जे दिसत होतं त्यात कॅन्सर नव्हता. मी तसं लिहिलं आणि खाली ठेवणीतली ओळ टाकली, की तुकडा नीट राहिलेला नाही, शंका असल्यास पुन्हा काढावा. ही खालची ओळ आजवर कुणी वाचल्याचं मला माहीत नाही. नंदाबाईने रिपोर्ट कपाळाला लावला आणि ‘बाप्पा, सुटलो’ म्हणाली. मलाही बरं वाटलं.

त्या दिवशी वीज सारखी जात होती, म्हणून काचा दुसऱ्या दिवशी स्कॅन झाल्या.

“मॅडम, हे पाहा ना जरा,” नूतनने हाक मारली.

पडद्यावर खुशालचा चाळणीसारखा तुकडा होता. त्याच्यावर एकही चौकट नव्हती. चौकट होती तुकड्याच्या शेजारी, पांढऱ्या, रिकाम्या काचेवर.

“इथं तर कुछ भी नाही,” ती म्हणाली.

“भुसा असेल.”

“मीच पुसली.”

“मग पुन्हा पूस.”

तिने पुसली. मीही पुसली, चष्म्याच्या कापडाने. काच उजेडात धरून पाहिली, सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागेवरून दोनदा फिरून आले. भुसा नाही, ओरखडा नाही, बुडबुडा नाही. पुन्हा स्कॅन केली. चौकट पुन्हा रिकाम्या जागेवर आली. या खेपेला ती आधीपेक्षा मोठी होती.

३

मशीनची देखभाल करणारा भुपेंद्र नागपूरला असतो. गोड बोलतो, पण प्रत्येक वाक्यात मला माझ्या वयाची आठवण करून देतो. त्याला फोन केला.

“मॅडम, तसं होणारच नाही,” तो म्हणाला. “रिकामी काच तो बघतच नाही. आधी ती वगळतो, मग फक्त तुकडा तपासतो. जे बघितलंच नाही, त्यावर चौकट कशी काढेल?”

“ते मी तुला विचारतेय.”

“जुन्या चित्राची सावली राहिली असेल. मी इथून साफ करतो.”

त्याने दुरूनच काहीतरी साफ केलं. दुपार झाली होती. बाहेर रस्ता भाजत होता, मिलही जेवणाच्या सुट्टीत थांबली होती, आणि कूलरमधलं पाणी टपटपत होतं. मी काच पुन्हा आत सरकवली. सर्रर्र, टक्. चित्र आलं, चौकट आली. तिची एक कड आता पार तुकड्याच्या फाटक्या काठाला टेकली होती.

मी चौकटीच्या आत शिरत गेले. मोठं करत गेले. पांढरं, पांढरं, पांढरं. मग त्या पांढऱ्यात काहीतरी आहे असं वाटलं. आधी डोळे थकले असतील म्हणून मी चष्मा काढून पुसला. परत पाहिलं. फार पातळ शाईने काढाव्यात तशा पेशी. एकमेकींभोवती गोल बसलेल्या, आडव्या चिरलेल्या कांद्यासारख्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पेशी अशाच बसतात. हे गोल मी आयुष्यभर पाहत आले आहे आणि कधी चुकलेले नाही.

त्या पेशींची ओळ तुकड्याच्या फाटक्या काठाशी तंतोतंत जुळत होती. जिथे डॉक्टरांचा चिमटा थांबला, तिथून पुढे.

म्हणजे त्या रिकाम्या जागी जे दिसत होतं, ते काचेवर कधी आलंच नव्हतं. ते अजून खुशालच्या गालात होतं.

मी ताबडतोब स्वतःला दम दिला. बाई, जेवायची वेळ टळलीय, साखर उतरलीय. चित्र साठवून ठेवलं आणि ते साठवलेलं चित्र उघडलं, तर ते कोरं होतं. भुपेंद्रलाही त्याच्या पडद्यावर कोरंच दिसत होतं. मला हायसं वाटलं. भास मशीनला झाला आणि मशीनचा मला झाला, असं म्हणून मी जेवणाचा डबा उघडून पोळी खायला बसले.

नूतन जेवत नव्हती. ती दाराशी उभी होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमाले बी ते गोल गोल दिसून राहिलं होतं काय?”

४

मला भीती वाटली, हे सरळ सांगते. चिरफाडीच्या खोलीत एकटीने बसून मी कधी घाबरले नाही. आमच्या कामात मेलेली माणसं फार शहाण्यासारखी वागतात. पण इथे जिवंत माणसाचा गाल माझ्या टेबलावर वाढत होता.

मी काच स्कॅनरमधून काढली, लाकडी पेटीत ठेवली, पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. मग नूतनला म्हणाले, चल, मेणाच्या ठोकळ्यातून नवे काप काढू, कदाचित खाली चांगला भाग मिळेल. आम्ही काप काढत गेलो, तुकडा संपेपर्यंत. सगळीकडे तीच भोकं. आता तपासायला काहीच उरलं नव्हतं. खुशालला पुन्हा बोलावल्याशिवाय इलाज नव्हता. त्याच्या मोबाइलवर फोन लावला तर तो बंद. तिरोड्याच्या डॉक्टरांना लावला.

“मॅडम, तुम्हीच तर नाही म्हणालात,” ते म्हणाले. “त्याने इथे पेढे वाटले. आता मी कोणत्या तोंडाने बोलावू?”

त्यांचंही खरं होतं. मी फोन ठेवला, आणि तेव्हाच मागच्या खोलीत स्कॅनर सुरू झाला.

सर्रर्र, टक्.

नूतन माझ्याजवळच उभी होती. आम्ही दोघी दारापर्यंत गेलो. स्कॅनरची खाच रिकामी होती, ती मी स्वतः रिकामी केली होती. तरी आत उजेड हलत होता. डावीकडून उजवीकडे, एक रेघ खाली, पुन्हा डावीकडून. आम्ही काच लावतो तेव्हा जातो त्याच्याहून सावकाश. एखादी बाई तांदूळ निवडताना खडा लागला की हात मंद करते, तसा.

पडद्यावर नाव आलं, ‘खुशाल’. चित्र आलं नाही, फक्त पांढरं. त्या पांढऱ्यावर चौकट, आणि ती आता अर्ध्या पडद्याएवढी झाली होती.

“वायर काढू काय?” नूतनने विचारलं.

मी हो म्हणणार होते. पण मला वाटलं, ओरडून सांगणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होईल ते.

“राहू दे,” मी म्हणाले. “गाडीची किल्ली दे.”

५

बोदलकशाला पोचले तेव्हा ऊन चांगलंच कललं होतं. तलाव तापलेल्या पत्र्यासारखा चमकत होता. नंदाबाई झाडाखाली बसून मासे बर्फात लावत होती आणि खुशाल जाळ्याची भोकं शिवत होता. चाळिशीचा, काटक माणूस. मला पाहून उठला, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“काऊन जी आल्या डाक्टरीनबाई? रिपोर्ट तं झाला ना.”

“झाला. पण तुकडा खराब होता. पुन्हा काढावा लागेल.”

“कायले?” तो एकदम चिडला. “तुमीच लिवलं काही नाई मनून. आता तुमीच आहे मनता? माणसाले घडी घडी मारता काय जी?”

मी काय सांगणार? मशीनला रिकाम्या काचेवर तुझा गाल दिसला? मी नंदाबाईकडे वळले. तिने मूठभर खडेमीठ बर्फावर भिरकावलं, त्यावर मासे, त्यावर पुन्हा बर्फ. माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

“नंदाबाई, ती बाटली तुम्ही कशी आणली हो?”

“बरफातच आनली. उन किती पडून राहिलं होतं! मीठ बी टाकलं, थंड राहाले पायजे मनून.”

“आणि बाटलीतलं औषध?”

ती जरा ओशाळली. “ते फेकून देल्लं जी. लय वास मारे. मासोऱ्याच्या पेटीत ठेवाचं होतं ना. आजकाल मासोऱ्यात त्या औषधाचा वास आला तं साहेब लोक सप्पा माल फेकाले लावतात. मंग मीनं बाटली धुतली, साफ पानी टाकलं.”

मी कपाळावर हात मारला. मासा ताजा ठेवायला याहून चांगली रीत नाही आणि तुकडा मारायलाही. ते औषध म्हणजे फॉर्मालिन; मासे टिकवायला काही जण तेच चोरून वापरतात, म्हणून साहेबांची धाड. तुकडा त्यात राहिला असता तर टिकला असता. मीठ-बर्फात तो गोठला, पेशींमधल्या पाण्याचे खडे झाले आणि त्या खड्यांनी त्याची चाळण केली. मी ते समजावून सांगितलं. नंदाबाई ऐकता ऐकता रडायला लागली.

“तुमची चूक नाही,” मी तिला म्हणाले. “औषध फेकायचं नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण म्हणूनच म्हणते, माझा रिपोर्ट कामाचा नाही. खुशालभाऊ, आता दुखणं लहान असेल. दोन महिन्यांनी आलात तर जबडा काढावा लागेल, आणि त्यानंतर मी काही बोलू शकणार नाही.”

त्याने जाळ्यातली हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, “तुमाले एक गोष्ट विचारू काय? हासाल नोको.”

“नाही हसणार.”

“आज सकाळपासून तोंडात उजेड पडून राहिला जी.”

“तोंड उघडं असताना?” मी विचारलं.

“तोंड बंद असते तरी. या गालात. कोनी बारका टॉर्च घेऊन आत पाहून राहिला असा. इकडून तिकडे जाते, मंग खाली, मंग फिरून इकडून. दुखत नाई. गरम बी नाई. पन जिथं जखम आहे ना, तिथं थांबते.” त्याने गालावर बोट ठेवलं. “मले भेव लागलं. मीनं खर्रा थुकून टाकला.”

मी गाडीची किल्ली हातात घेतली.

“चला,” मी म्हणाले. आणि तो खरंच उठला.

६

परतताना दोघं मागच्या सीटवर होती. तिरोडा गेल्यावर खुशालचा डोळा लागला. रस्त्याच्या कडेची झाडं एकामागून एक गाडीवर सावली टाकत होती आणि ऊन आत-बाहेर करत होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण मी शास्त्राची बाई आहे आणि उन्हाचे खेळ मला माहीत आहेत.

आरशात सहज पाहिलं. खुशालचं डोकं मागे टेकलेलं होतं, तोंड मिटलेलं. त्याचा डावा गाल आतून लाल झाला. लहान मुलं टॉर्चवर तळवा धरतात तेव्हा तळवा होतो, तसा. ती लाली कानापासून ओठाकडे सरकली, विझली, आणि बोटभर खाली पुन्हा कानापासून निघाली.

नंदाबाईने ते पाहिलं. ती ओरडली नाही. तिने पदर घेतला आणि नवऱ्याच्या गालावर हलकेच टाकला, झोपलेल्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून टाकतात तसा.

“झाला सुरू,” ती हळूच म्हणाली.

मी आरसा वर फिरवला आणि गोंदियापर्यंत रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

माझ्या ओळखीच्या सर्जनने त्याच संध्याकाळी नवा तुकडा काढला. बाटली मी स्वतः हातात धरून आणली, औषधासकट. दुसऱ्या दिवशी काच तयार झाली. मी आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, मशीनला नंतर दाखवली. गोल गोल बसलेल्या पेशी, या वेळी ठसठशीत जांभळ्या. कॅन्सर होता. पण वरच्या थरात होता, फार खोल गेला नव्हता. मशीनने तिथेच चौकट काढली. त्याला शाबासकी द्यावी असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि नूतनसमोर मी ती दिलीही.

नागपूरच्या कॅन्सर सर्जनने ते चित्र तासाभरात पाहिलं. पेढ्यांचा डबा नाही, कापूस नाही, रेल्वेत कुणाला गाठणं नाही. त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. गालाचा आतला भाग निघाला, जबडा वाचला. काढलेल्या भागाच्या कडा तिकडे स्कॅन झाल्या आणि मी त्या माझ्या खुर्चीत बसून तपासल्या, एकेक पेशी. चारी कडा साफ होत्या. चौकट कुठेही नव्हती. मी नूतनला मिठी मारली, आणि नंतर आम्ही दोघी जरा लाजलो.

भुपेंद्र येऊन मशीन उघडून गेला. त्याला काही सापडलं नाही. माझं मन अजूनही कारणं शोधतं. विजेचा दाब, उष्मा, दोन थकलेल्या बायका, उन्हाचे पट्टे. प्रत्येक कारण एकेका गोष्टीला पुरतं. सगळ्याला मिळून एकही पुरत नाही, आणि तेवढ्यावर मी ते सोडून दिलं आहे.

७

दिवाळीच्या आधी खुशाल लॅबमध्ये आला. सोबत नंदाबाई आणि माझ्यासाठी केळीच्या पानात बांधलेला मासा. बोलताना गाल थोडा ओढला जात होता, पण बोलणं स्वच्छ होतं आणि अंगही भरलं होतं. खर्रा सुटला होता. नंदाबाईने मला सांगितलं की आता गावातून कुणाचीही बाटली निघाली की ती पोराबाळांना दम देते, औषध सांडाल तं पाय मोडीन.

खुशालला मशीन बघायचं होतं. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. दुपारची वेळ होती. नूतन दुसऱ्याच कुणाची काच लावत होती. सर्रर्र, टक्. आवाज ऐकून तो दारातच थबकला आणि हात आपोआप गालाकडे गेला.

“तुमची काच मी तेव्हापासून कपाटातच ठेवली आहे,” मी म्हणाले. “पुन्हा लावली नाही कधी.”

“लावली नाई?” त्याने माझ्याकडे पाहिलं. “मंग कसं काय येते जी?”

“काय येतं?”

“उजेड. अजून बी येते ना. रोज नाई, कधी कधी. नावेत बसलो असतो, दुपारचा.”

नूतनचा हात स्कॅनरच्या झाकणावर थांबला. मी त्याला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, टॉर्च धरला, बोटाने सगळा गाल चाचपला. टाके भरून आले होते, कातडी मऊ होती, कुठे गाठ नाही, पांढरा डाग नाही. मानही तपासली. सगळं ठीक होतं. तरी मी टॉर्च पुन्हा एकदा सगळ्या गालावरून फिरवला.

“तो उजेड कुठे थांबतो का?” मी विचारलं. “आधी थांबायचा तसा?”

खुशालने आठवून पाहिलं. मग ओढल्या गालाने हसला.

“नाई जी,” तो म्हणाला. “सप्पा गाल फिरून पाह्यते अन् चालला जाते. कुठंच थांबत नाई.”